पांढऱ्यावर पांढरं

नागपुरात नंदनवनच्या माझ्या घरात झोपायच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. चार वर्षं ते वरपासून खालपर्यंत पांढऱ्या कापडाने भरत गेलं. माझ्या साड्या पलंगाच्या पेटीत गेल्या, नवऱ्याचे स्वेटर माळ्यावर गेले आणि शेवटी त्याच्या शर्टांवर वेळ आली तेव्हा तो म्हणाला, ‘‘माग खाप्याले चालते का आपल्या घरात?’’ मी त्याच्यावर डाफरले. ते कापड माझ्या वडिलांनी खाप्याला, आमच्या गावच्या घरी हातमागावर विणलेलं होतं आणि त्यातला एकही तागा विकण्याच्या लायकीचा नव्हता. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त बाबांना नव्हतं.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. खाप्याला नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर, आणि घराच्या पहिल्याच खोलीत माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाखाली दाबायला दोन पावड्या आणि हातात धोटा. पाहुणा आला तर त्याला मागाला वळसा घालूनच आत यावं लागायचं. आमच्या मागावर फक्त पांढरं निघायचं. आजोबा नागपुरात दीक्षा घ्यायला गेले ते घरी विणलेलं पांढरं धोतर नेसून, आणि परत आल्यावर त्यांनी मागावरचा रंगीत सुताचा ताणा कापून टाकला, असं बाबा सांगतात. तेव्हापासून धोतर, पंचे, लग्नातली लुगडी, सगळं पांढरं. समोरच्या घरी हिरव्या-जांभळ्या काठांची लुगडी निघत आणि लहानपणी मला त्यांचा फार हेवा वाटे. आपल्याच नशिबी हे फटफटीत पांढरं का, म्हणून मी एकदा रडलेही होते. बाबा हसले होते. म्हणाले होते, ‘‘रंगात चूक लपते पोरी. पांढऱ्यात नाही लपत.’’

चूक हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय होता. विणताना ताण्यातली, म्हणजे उभ्या सुतातली, एखादी तार तुटते आणि ती वेळेवर जोडली नाही तर कापडात लांबच्या लांब विरळ रेघ पडते, तिला आमच्याकडे तार सुटणं म्हणतात. ‘‘आजवर माह्या हातची एक तार सुटली नाही,’’ हे वाक्य मी बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याला मोजदाद नाही. लग्नाच्या बोलणीत माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी तेच ऐकवलं होतं. माणूस तसा अगदी नरम, कोणाशी वाद नाही, कोणाकडे काही मागणं नाही. पण या एका वाक्यावर कोणी शंका घेतली तर ते जेवणाच्या ताटावरून उठत.

त्यांची गाठही वेगळी होती. लहानपणी कडबा कापताना उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं, म्हणून ते डाव्या हाताने गाठ मारत. सगळ्या गल्लीची गाठ एका अंगाला वळायची, बाबांची दुसऱ्या. आम्हा भावंडांचा तो खेळच होता. डोळे मिटून कापडावरून बोट फिरवायचं, गाठ लागली की चिमटीत धरायची आणि सांगायचं, हे समोरच्या काकांचं, हे आपल्या बाबांचं. मी कधी चुकले नाही. म्हणून पुढे मी जे केलं ते विसरून केलं असं म्हणायची मला सोय नाही.

काही वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं आधीच गेलं होतं, मधलं हळूहळू जात होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, औषध फक्त उरलेलं जपायला. बाबांना मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घरी आल्यावर सरळ मागावर जाऊन बसले. ‘‘पांढऱ्यावर पांढरं तसंबी कोनाले दिसते वं? ते हातानंच विना लागते. डोये कायले पायजे?’’

वर्षभरात विणकरांच्या सोसायटीतून माझ्या भावाला निरोप आला की बाबांचं कापड यापुढे घेता येणार नाही. सोसायटीची काही चूक नव्हती. मी स्वतः परत आलेला तागा उलगडून उजेडात धरला. तारा सुटल्या होत्या. एक-दोन नाही, हातभर अंतरावर एक. कुठे काठ आत ओढलेला, कुठे आडवा बाणा इतका विरळ की पलीकडचं बोट दिसावं. भाऊ बाबांजवळ खाप्यालाच राहतो, कोराडीच्या वीजकेंद्रात ठेक्यावर काम करतो, सकाळच्या बसने जातो, संध्याकाळी अंगावरची राख झटकत येतो. तो म्हणाला, ‘‘ताई, तूच सांग. मले नाही जमत.’’

मलाही नाही जमलं. समोरच्या काकांचा माग बंद झाला तेव्हा ते ओट्यावर बसू लागले, मग खाटेवर, आणि वर्षाच्या आत गेले. बाबा तेव्हा म्हणाले होते, ‘‘माग थांबला का मानूस थांबते.’’ ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. मी बाबांना सांगितलं की सोसायटी आता नागपुरातच माल घेते, तुम्ही विणा, मी नेऊन देत जाईन. मजुरी माझ्या पर्समधून जाऊ लागली आणि कापड माझ्या कपाटात. सरकारी कार्यालयात आयुष्यभर मी आवक-जावक सांभाळली. इथे फक्त आवक होती.

निवृत्त झाल्यावर शेजारणीच्या आग्रहाने मी गोधडीच्या वर्गाला जाऊ लागले. गोधडी शिकायला वर्ग, हे ऐकूनच मला हसू आलं होतं. आमच्याकडे ती कोणी शिकवत नाही, फाटकं साठलं की होते. पण शिकवणाऱ्या बाई कलाशाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला गोड, आणि त्यांची गोधडी अंगावर घ्यायची नव्हती, भिंतीवर टांगायची होती. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सांगितलं की प्रत्येकीने एकाच रंगाची गोधडी करायची. कापड फक्त हातमागाचं, छापील काही नको, दोराही त्याच रंगाचा. ‘‘रंगाचा आधार काढून घेतला की मग विणीकडे बघावं लागतं,’’ त्या म्हणाल्या. बाकीच्या बायका दुकानांच्या नावांची चर्चा करू लागल्या. मी कपाटाचा विचार करत होते.

पहिली अडचण अशी निघाली की पांढरं हा एक रंग नाहीच. चार वर्षांतले तागे शेजारी मांडले तर एक पिवळट, एक निळसर, एक मळखाऊ. सुताला तांदळाची खळ पाजलेली असते आणि ती जुनी झाली की पिवळी पडते. मी सगळं कापड सोड्याच्या पाण्यात उकळलं, गच्चीवर वाळवलं, पुन्हा उकळलं. खळ निघून गेली तेव्हा सगळे तागे मऊ पडले आणि एका रंगाचे झाले. आमच्या खाप्याच्या घराचा तो आंबूस वासही निघून गेला, त्याचं मला वाईट वाटलं.

मग कात्री लावली. बाबांचं कापड कापताना वाईट वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. मला राग आला होता. या कापडापायी चार वर्षं मी तोंडभरून खोटं बोलत होते आणि बाबा दर खेपेला विचारत होते, ‘‘काय म्हटलं सोसायटीवाल्यानं?’’ आणि मी दर खेपेला नवी स्तुती रचत होते. तो राग कात्रीत उतरला. पण चौकोन कापून मी जमिनीवर मांडले आणि पाहत बसले. ज्या सुटलेल्या तारा मी इतके दिवस घडीत लपवल्या होत्या त्याच तेवढ्या दिसत होत्या. रंग एकच, त्यामुळे नजरेला धरायला दुसरं काही नव्हतं. इथे एक विरळ रेघ, तिथे जाळी, पलीकडे बाबांनी चाचपडत जोडलेल्या तारेची जाड गाठ. खिडकीतून ऊन आलं की जाळीतून जमिनीवर बारीक उजेड पडायचा. सुंदर होतं ते. सांगताना लाज वाटते, पण सुंदर होतं. मी चुका मधोमध आणल्या आणि धड विणलेला भाग कडेला सारला. आधी कुठे तुरळक, मग दाट, मग जवळजवळ सगळी जाळीच, अशी रचना केली. म्हणजे बाबांचे डोळे जसजसे गेले तसतशी. कापडातून ओढून काढलेल्या सुतानेच मी धावदोरा घातला. आठ महिने लागले. गुडघे गेले, पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामावर मी खूश होते.

बाईंनी गोधडी उजेडात धरून उलटसुलट पाहिली. मग त्यांनी विचारलं, हे कापड कोणी विणलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘त्यांना आपल्या वर्गाच्या प्रदर्शनाला आणाच.’’

मी नाही म्हणायला हवं होतं. पण खोटी स्तुती सांगून सांगून मी कंटाळले होते आणि एकदा तरी बाबांनी खरी स्तुती कानाने ऐकावी अशी मला हौस आली. त्यांना दिसत तर नाहीच, मी हिशेब केला. आणि प्रदर्शनात प्रत्येक गोधडीखाली पाटी असते, हात लावू नये. त्या पाटीच्या भरवशावर विणकराची मुलगी बापाला घेऊन गेली. इतका मूर्खपणा बाहेरच्या कोणाकडून झाला असता तर चाललं असतं, पण विणकर कापड हाताने पाहतो हे मला तरी ठाऊक होतं.

बाबांनी दाढी केली, पांढरा सदरा आणि धोतर घातलं. हॉलमध्ये गार होतं, त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. भोवती पाच-सात बायका जमल्या. बाई सांगू लागल्या की हे सगळं कापड यांनी विणलंय, एकच रंग, बघा त्यात किती आहे. बाबांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, केलं ते बरंच केलं. एक जण म्हणाली, ‘‘बाबा, ही मधली जाळी तुम्ही मुद्दाम सोडलीत का हो? किती अवघड असेल ना?’’

‘‘कायची जाळी?’’ बाबांनी विचारलं.

मी घाईघाईने म्हटलं, ‘‘चला बाबा, बसा तिकडं, थकले तुमी.’’ पण बाई आपल्या मोठ्या मनाने म्हणाल्या, ‘‘अहो, त्यांना हात लावू द्या की. त्यांचंच कापड आहे.’’ आणि त्यांनी बाबांचा हात धरून स्वतः गोधडीवर ठेवला.

बाबांचा तळवा काठापासून सुरू झाला. धोटा जातो तसा तो आडवा गेला, परत आला, थोडा वर सरकला. कडेचा भाग धड होता तोवर ते हसत होते. मग बोटं मध्ये आली आणि थांबली. त्यांनी ती रेघ खालून वरपर्यंत चाचपली. शेजारची चाचपली. त्याच्या शेजारची. बायका कौतुकाने बघत होत्या. मला पळून जावंसं वाटत होतं.

‘‘हे कोनाचं कापड हाय?’’ बाबा म्हणाले.

‘‘तुमचंच, बाबा,’’ बाई म्हणाल्या.

‘‘नाही. माह्या हातची तार सुटत नाही.’’ आवाज मोठा नव्हता, पण ठाम होता. ‘‘ज्यानं विनलं त्याले सांगा, मागावरून उठ म्हना. सूत खराब करून राहिला.’’

कोणी हसलं. बाबांचं बोट अजून कापडावर होतं, आणि ते फिरता फिरता एका गाठीवर आलं. त्यांनी ती चिमटीत धरली. डाव्या हाताने. वळवून पाहिली, पुन्हा वळवून पाहिली. मग हात काढून घेतला, सदऱ्याला पुसला आणि माझा दंड शोधून धरला. ‘‘चाल,’’ म्हणाले.

खाप्याच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या. मग त्यांनी विचारलं, ‘‘सोसायटी घेत नोहती ना?’’

‘‘नाही बाबा.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘चार वर्साच्या वर झालं.’’

‘‘भावाले माईत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘सुनेले?’’

‘‘तिलेबी,’’ मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. सगळ्यांना माहीत होतं म्हटल्यावर ते जास्तच लहान होऊन बसले, अंग आक्रसून, कोणाला आपला धक्का लागू नये असे. मी रडत होते ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. पण म्हणाले ते दुसरंच. ‘‘एक शब्द दे मले. माह्या कामाबद्दल यापुढं मले खोटं नाही सांगशीन.’’

मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला मागावरचा ताणा कापायला लावला. भावजयीने फोनवर सांगितलं तेव्हा ती हुंदके देत होती. त्यानंतर बाबा रोज सकाळी उठून खड्ड्यात पाय सोडून बसत, पण पावड्या दाबत नसत. रिकाम्या मागासमोर नुसतं बसायचं. दाढी बंद झाली. भाकरी अर्धी, मग पाव. जवळ गेलं तर म्हणत, ‘‘जाय वं, तुहे कामं कर.’’ मी दर आठवड्याला जात होते आणि मला बाबांत समोरचे काका दिसत होते. प्रदर्शनानंतर बाईंना ती गोधडी दिल्लीला पाठवायची होती. मी ती भिंतीवरून काढून आणली आणि कपाटात कोंबली. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं.

मग एका रविवारी बाबा आपणहून बोलले. ‘‘ते गोधडी आन अठी.’’

‘‘काहून बाबा?’’

‘‘आन म्हटलं ना.’’

मी नेऊन दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली, भावजयीकडून सुई मागून घेतली आणि घरात कांड्यांवर गुंडाळलेलं उरलेलं पांढरं सूत घेऊन पहिल्या रेघेला हात घातला. सुटलेली प्रत्येक तार ते सुईने पुन्हा भरणार होते. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर, बोटांनी मोजत. सुईत दोरा ओवायचं काम भावजयीचं. ती सकाळी कामाला जायच्या आधी दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. हे काम काही नीट होत नव्हतं. तार भरताना शेजारची ओढली जायची, जाळी एका जागी बुजायची आणि दुसऱ्या जागी फाटायची. माझी रचना तर गेलीच. पण बाबा जेवू लागले. दाढी सुरू झाली. काम करता करता ते भावजयीला जुन्या गोष्टी सांगू लागले. मी म्हटलं, जाऊ दे गोधडी चुलीत.

घरचं पांढरं सूत संपलं त्या दिवशी भावजय घरी नव्हती. बाबांनी तिचा शिवणाचा डबा काढला, त्यातल्या रिळांवर बोट फिरवलं आणि हाताला जी सगळ्यात मजबूत, आपल्या सुतासारखी लागली ती घेतली. सुई त्यांनी कशी ओवली असेल देव जाणे. संध्याकाळी भावजयीचा फोन आला. ती ओट्यावर जाऊन हळू आवाजात बोलत होती.

‘‘ताई, बाबानं काया धागा घेतला.’’

‘‘कोनता काया?’’

‘‘छत्रीचा. छत्री शिवाले आनली होती मी रीळ. एक पूरा कोपरा भरला ताई त्याईनं. मी काय करू?’’

‘‘सांगून टाक.’’

‘‘कशी सांगू? आज दोन भाकरी जेवले. मले म्हनते, हे सूत चांगलं हाय, हेच आनजो.’’

मी तरी कुठे सांगू शकत होते? मी उद्या येते म्हटलं आणि चार दिवसांनी गेले. तोवर दुसरी रीळ संपत आली होती. भावजयीने ती स्वतः आणून दिली होती, तीच, काळी. तिला दोष देऊ नये. तिसरी मी आणली.

हे सगळं दोन महिने चाललं. मागच्या महिन्यात बाबांनी मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि बाबा मागाशेजारी उभे होते. गोधडी त्यांनी मागाच्या आडव्या दांडीवर टाकली होती, कापड तयार झालं की टाकत तशी. मी उंबऱ्यावरच थांबले. पांढऱ्यावर पांढरं असताना जी चूक जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हती ती आता गल्लीतून दिसत होती. बाबांच्या हातून सुटलेली एकूण एक तार काळ्या धाग्याने भरलेली होती. कडेला तुरळक, मग दाट, मध्ये नुसती काळी गिचमिड. ते मोजायचं म्हटलं असतं तर मोजता आलं असतं.

‘‘आली का वं? पाह्य.’’ त्यांनी दोन्ही तळवे गोधडीवर सपाट ठेवले. ‘‘सगया तारा भरल्या. एक बी सोडली नाही. लाव हात.’’

मी हात लावला. जाड, खडबडीत, पण खरंच कुठे मोकळं नव्हतं.

‘‘भरल्या बाबा.’’

‘‘हाताले समजते ते मले माईत हाय. डोयाले कसं दिसते ते सांग. ठिगळ दिसते का कुठी?’’

भावजय आतल्या दारात उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता.

‘‘नाही दिसत,’’ मी म्हटलं.

‘‘पांढऱ्यात पांढरं मिसळलं ना?’’

‘‘मिसळलं.’’

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. ते डोळे आता माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे बघतात. ‘‘शब्द देला हाय तुनं मले.’’

‘‘हो बाबा. खरंच सांगून राहिली मी. सगळी पांढरी दिसते. एक रंग.’’

त्यांनी सुस्कारा टाकला. खांदे खाली आले. किती दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते. ‘‘मंग त्या बाईले दाखवजो. आन भावाले सांग, ताणा लाव म्हना. अजून हात हायेत माहे.’’

ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. मी गोधडी काळे टाके आत जातील अशी घडी केली, वरून टॉवेल गुंडाळला आणि स्टँडवर आले. बाईंना ती दाखवली नाही. फोनवर बाबांना सांगितलं की बाईंनी पाहिली, खूप वेळ पाहिली आणि म्हणाल्या, यात एकही तार सुटलेली नाही. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

भावाने ताणा लावला आहे. भावजय सांगते, बाबा सकाळी सातला बसतात ते दुपारच्या जेवणालाच उठतात, आणि धोट्याचा आवाज अर्ध्या वेळा चुकीचा येतो. पहिला तागा या महिन्याअखेर उतरेल. कपाटात जागा नाही, म्हणून मी पलंगाच्या पेटीतल्या साड्या वाटून टाकायला काढल्या आहेत.